पाचव्या डावातली मिठी

टकर्स मिल गावात ओरिन प्रुइटचं केस कापायचं दुकान आहे. गाव एवढंसं, पण त्या दुकानाच्या भिंतीवर जे टांगलंय ते अख्ख्या टेनेसीत दुसरीकडे नाही. व्हर्जिल म्हणतो, अख्ख्या अमेरिकेत नाही. व्हर्जिल म्हणजे ओरिनचा थोरला भाऊ. गावच्या मिलर्स या बेसबॉल टीमची बस त्यानं चोवीस वर्षं चालवली आणि चोवीस वर्षांत टीम एकदाही मैदानावर उशिरा पोचली नाही. आठवीतच शाळा सुटली त्याची, पण रस्त्याच्या बाबतीत त्याला कुणी शहाणपण शिकवू नये, आणि धाकट्या भावाबद्दल तर त्याच्यासमोर वाकडा शब्द काढूच नये.

भिंतीवर आहे एक लांबरुंद फळी. फळीवर खिळ्यांच्या पाच ओळी. सगळ्यात खालची ओळ मिलर्सची. एकोणीस-वीस वर्षांची पोरं इथं येतात, बसनं गावोगाव हिंडतात, सँडविच खाऊन बसमध्येच झोपतात, आणि त्यातली थोडी वरच्या गावच्या टीममध्ये सरकतात. तिथून आणखी वर, मग आणखी. सगळ्यात वरची ओळ लाल रंगानं रंगवलेली. ती पायलट्सची, म्हणजे मोठ्या टीमची, जिचे सामने सगळा देश बघतो; खालच्या चारही टीम तिच्याच. प्रत्येक खेळाडूच्या नावाची एक लाकडी चकती, आणि ती चकती त्याच्या त्याच्या खिळ्यावर. चकत्या कशाच्या, तर मोडक्या बॅटींच्या. व्हर्जिल बसमधून मोडक्या बॅटी गोळा करून आणायचा, ओरिन करवतीनं त्यांचे काप काढायचा आणि तापल्या तारेनं नाव कोरायचा. चौतीस वर्षांत चारशेच्या वर चकत्या झाल्या. लाल ओळीपर्यंत पोचल्या एकोणीस. ज्यांचा खेळ सुटला त्यांच्या चकत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. तो डबा मागच्या खोलीत कपाटावर असतो, आणि ओरिन तो गिऱ्हाईक दुकानात असताना उघडत नाही.

वर्तमानपत्रात आकडे येतात, इंटरनेटवर याद्या येतात, हा पोरगा पुढे जाणार, तो पोरगा गळणार. ओरिन ते सगळं वाचतो, पण त्याची खरी पारख वेगळीच. मिलर्सचं प्रत्येक पोरगं पहिल्याच आठवड्यात त्याच्या खुर्चीत बसतं. ओरिन मानेला फेस लावतो, वस्तरा घेतो आणि मान बघतो. कुणाची मान वस्तरा लागताच ताठ होते, कुणी श्वास धरून बसतो, कुणी आरशात आपल्याकडेच बघत राहतो. ओरिन कुणाला काही बोलत नाही. रात्री जेवताना भावाला फक्त एवढंच म्हणतो, "दादा, तो डावखुरा दोन पायऱ्या चढेल, तिसरी नाही." आणि तसंच होतं. व्हर्जिल ही गोष्ट बसथांब्यावर, चर्चच्या पायरीवर, दाढदुखीच्या डॉक्टरकडे, जिथं कान मिळतील तिथं सांगतो.

टोबी रॅटलिफ दहा वर्षांपूर्वी आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. कॅचर. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून नव्वद मैल वेगाचे चेंडू झेलणारा गडी. ओरिनच्या घरी माडीवरची खोली रिकामी होती, तिथं तो राहिला. पहिल्याच दिवशी खुर्चीत बसला आणि ओरिननं मानेला वस्तरा लावला, तर हा पठ्ठ्या झोपला! चक्क घोरायला लागला.

त्या रात्री ओरिन जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "दादा, हा लाल ओळीत जाणार."

"कशावरून?"

"झोपला."

एवढंच. पण व्हर्जिलला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला ठाऊक झालं.

पण पोरगा चढेना. एक पायरी चढायला त्याला दोन वर्षं लागली, दुसरीला तीन. गुडघा फाटला, एक वर्ष गेलं. शेवटी चौथ्या ओळीत पोचला, लॉरेल सिटीच्या टीममध्ये, मोठ्या टीमच्या अगदी दाराशी. आणि दारातच तीन वर्षं उभा राहिला. टोबी एकोणतीस वर्षांचा झाला. आता याद्यांमध्ये त्याचं नाव कुणी घालत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात तो टकर्स मिलला आला. सासऱ्याच्या पशुखाद्याच्या गिरणीत त्याला जागा होती, बायकोला, जोलीनला, घर हवं होतं. त्यानं खुर्चीत बसून ओरिनला विचारलं, "काका, सोडू का?"

चौतीस वर्षांत ओरिननं एकाही खेळाडूला थांब म्हटलं नव्हतं की जा म्हटलं नव्हतं. ते आपलं काम नाही, असं तो म्हणायचा. त्या दिवशी मात्र त्यानं कात्री खाली ठेवली आणि म्हणाला, "एक वर्ष थांब."

टोबी थांबला. सासऱ्यानं सांगितलं, एकतीस जुलैपर्यंत जागा धरतो, पुढे नाही. कारण एकतीस जुलैला संध्याकाळी सहा वाजता टीमांमधली खेळाडूंची अदलाबदल बंद होते. त्या सहाच्या ठोक्यापर्यंत मोठ्या टीमला कॅचर लागला तर लागला.

त्या दिवसापासून ओरिनची झोप उडाली. एखाद्याचं वर्ष आपल्या शब्दाखातर जातंय, हे त्याच्या जिवाला लागलं. व्हर्जिलला ते दिसत होतं, पण त्याचा उपाय एकच. तो आणखी जोरात सांगत सुटला, टोबी जाणार म्हणजे जाणार, माझ्या भावाचा शब्द आहे.

आणि मग अठ्ठावीस जुलैला मोठ्या टीमच्या पहिल्या कॅचरचा अंगठा मोडला.

एकतीस तारखेला बुधवार होता. लॉरेल सिटीचा सामना दुपारी बाराला सुरू झाला. दुकानात टीव्ही लावलेला. खुर्चीत अर्ल गिबन्स बसला होता. तो पोस्टातून निवृत्त झालेला, आणि गावातल्या कुणाचंही बरं झालेलं त्याला बघवायचं नाही. अर्ध्या गालाची दाढी झाली होती, अर्ध्या गालावर फेस.

"अरे ओरिन, वस्तरा माझ्या गळ्यावर आणि डोळे टीव्हीवर? बायको मला अशा अवस्थेत घरात घ्यायची नाही."

"धड असतोस तेव्हा तरी कुठं घेते?" खिडकीपाशी बसलेला व्हर्जिल म्हणाला.

"तू बोल बाबा. आज संध्याकाळी सहानंतर बघतो तुझं तोंड. टोबी जाणार, टोबी जाणार! मोठ्या टीमला एकोणतीस वर्षांचं म्हातारं घोडं कशाला हवंय?"

"सहा वाजेपर्यंत दम धर. मग सगळ्या गावासमोर तुझी मिशी उतरवतो."

"मला मिशीच नाही."

"मग वाढव आधी."

ओरिन हसला नाही. पाचवा डाव सुरू झाला होता. आणि एकदम काहीतरी झालं. टोबी मैदानात जायला निघाला होता, तोच प्रशिक्षकानं त्याला हाक मारली, खांद्यावर हात ठेवला, कानात काही सांगितलं. टोबी थांबला. त्याच्या जागी दुसरा कॅचर टोपी उलटी करत उठला. आणि डगआउटमध्ये, म्हणजे टीमच्या बसायच्या जागेत, एकेक जण उभा राहून टोबीला मिठी मारायला लागला. पहिल्या बेसवाल्यानं मारली, चेंडू टाकणाऱ्या दोन पिचरनी मारली, म्हाताऱ्या मालीशवाल्यानं तर त्याला उचललाच.

ही पोरं जिथं जिथं खेळतात तिथं ही खूण सगळ्यांना ठाऊक. चालू सामन्यातून माणूस बाहेर काढला, त्याला काही लागलेलं नाही, आणि मिठ्या पडल्या, की समजायचं, चालला!

"चालला!" व्हर्जिल ओरडला. "चालला रे! ओरिन, चालला!"

आणि तो दुकानाबाहेर पळाला. त्याच्या ट्रकवर जुन्या बसचा हॉर्न बसवलेला आहे. मिलर्सचं पोरगं लाल ओळीत पोचलं की तो हॉर्न तीनदा लांब वाजवायचा, अशी गावाची रीत. एकोणीस वेळा वाजला होता. व्हर्जिलनं विसाव्यांदा वाजवला. लोहाराच्या दारात, बँकेच्या दारात, पोस्टाच्या खिडक्यांत माणसं आली. "टोबी का? आपला टोबी?" व्हर्जिल मान हलवून सगळ्यांना सांगत होता, "सांगितलं होतं की नाही? माझ्या भावानं दहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. झोपला होता खुर्चीत!"

छाती फुगवून तो आत आला. बघतो तर चकती अजून चौथ्या ओळीतच. ओरिन खुर्चीमागे उभा, वस्तरा तसाच हातात.

ओरिननं वस्तरा ताटलीत ठेवला. "दादा, कशाला वाजवलास?"

"म्हणजे? मिठ्या बघितल्या नाहीस?"

"मिठ्या बघितल्या. पुढचंही बघितलं. तू बाहेर पळालास. त्यानं पायांची पॅड सोडली आणि त्या दुसऱ्या कॅचरला दिली. छातीचा गार्डही काढून दिला." ओरिननं खुर्चीच्या पाठीवर हात टेकले. "मोठ्या टीमचा रंगही लाल, लॉरेल सिटीचाही लाल. वर जाणारा माणूस आपली पॅड का देऊन टाकेल? घरी जाणारा देतो."

टीव्हीवर खेळ पुढे चालला होता.

"सासऱ्याचा फोन आला असेल," ओरिन म्हणाला. "सहाची वाट कशाला बघायची, म्हणाला असेल तो. मी त्याचं एक वर्ष खाल्लं, दादा."

"फोन कर त्याला."

"आजच्या दिवशी नाही. चौतीस वर्षांत अदलाबदलीच्या दिवशी कुणाला फोन केला नाही. त्यांच्या कानाशी आज आपला आवाज नको."

अर्लनं खुर्चीत बसल्या बसल्या खिशातला फोन काढला. फेस वाळून त्याच्या गालावर पापुद्रे सुटले होते. फोनकडे बघून तो गप्प झाला, आणि अर्ल गिबन्स गप्प होणं ही काही साधी गोष्ट नव्हती.

"काय आहे?" व्हर्जिलनं विचारलं.

"जाऊ दे."

"अर्ल!"

"पायलट्सनी कॅचर घेतला. बाहेरच्या टीमकडून. बत्तीस वर्षांचा कुणीतरी. आत्ता जाहीर केलं."

पावणेतीन वाजले होते. ओरिन मागच्या खोलीत गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात पत्र्याचा डबा होता. व्हर्जिल उठून त्याच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"ठेव तो वर."

"दादा, सर."

"तुझाच नियम आहे. पोराचा फोन आल्याशिवाय चकती हलत नाही. फोन आला का?"

"कुठल्या तोंडानं करेल तो फोन?"

"ते मला माहीत नाही. डबा ठेव."

ओरिननं डबा ठेवला, पण काउंटरवर, समोरच. मग तो बाकड्यावर बसला आणि दोन्ही हात मांड्यांमध्ये धरून राहिला. दोन गिऱ्हाइकं आली, आतला रंग बघून परत गेली. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "व्हर्जिल, पार्टी कधी?" व्हर्जिलनं ऐकलं नाही असं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला दुकानाबाहेर पाऊल टाकायची लाज वाटत होती. स्वतःचं काही नाही, लोक त्याला बडबड्या म्हणतात ते तो जाणून होता. पण लोक आता ओरिनला हसतील, आणि हॉर्न आपण वाजवलाय, हे त्याला सोसवेना.

चार वाजून गेले. अर्ल अजून खुर्चीत. अर्धा गाल गुळगुळीत, अर्धा पांढरा.

"पुसून घरी जा की," व्हर्जिल म्हणाला.

"नाही जात. मलाही कळायला हवं," अर्ल म्हणाला. आणि हळू आवाजात, "पोरगं चांगलं आहे रे. माझ्या आईच्या अंत्यविधीला खांदा द्यायला आला होता."

व्हर्जिल टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला. सामना केव्हाच संपला होता. त्यानं रिमोट उचलला. "हे मागे कसं नेतात?"

"कशाला?" ओरिन म्हणाला.

"मी बघितलंच नाही ना. तू बघितलंस. मी हॉर्न वाजवत होतो."

अर्लनं त्याच्या हातून रिमोट घेऊन चित्र मागे नेलं. पाचवा डाव. प्रशिक्षक. मिठ्या. टोबी खाली बसतो, पॅडचे पट्टे सोडतो, दुसऱ्या कॅचरला देतो, गार्ड देतो. त्या पोराच्या डोक्यावर टप्पल मारतो. उठतो, कपडे बदलायच्या खोलीकडे जाणाऱ्या बोगद्याकडे निघतो.

"थांबव!" व्हर्जिल म्हणाला. तो टीव्हीला नाक लागेल इतका पुढे झाला. "ओरिन, इकडे ये. त्याच्या डाव्या काखेत काय आहे?"

ओरिन उठला. "हातमोजा."

"कॅचरचा हातमोजा. नेला त्यानं, दिला नाही." व्हर्जिल वळला. त्याचे कान लाल झाले होते. "माझ्या शेडमध्ये सात हातमोजे आहेत. माहीत आहे ना कुठले?"

ओरिनला माहीत होतं. टीमनं काढून टाकलेले कॅचर, खेळ सोडून घरी निघालेले कॅचर, ते बसमधून उतरताना हातमोजा सीटवरच ठेवून जायचे. विसरून नाही. मुद्दाम. व्हर्जिलनं एकही फेकला नव्हता.

"चोवीस वर्षं मी त्यांच्या बॅगा चढवल्यात आणि उतरवल्यात," व्हर्जिल म्हणाला. "घरी जाणारा हातमोजा सोडतो. वर जाणारा सगळंच नेतो. पॅड सोडून हातमोजा कोण नेतो? ज्याला पॅडचा रंग पुढे चालणार नाही तो! हा घरी नाही चाललेला, ओरिन. हा दुसऱ्या रंगाकडे चाललाय."

"दादा, उगाच..."

"उगाच? मान तुला कळते. सामान मला कळतं."

ओरिन बाकड्यावर परत बसला नाही. तिघेही उभे, म्हणजे दोघे उभे आणि अर्ल खुर्चीत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. पाच वाजले. सव्वापाच. साडेपाच. दुकानातला पंखा एवढा आवाज करतो हे व्हर्जिलला त्या दिवशी कळलं. त्याला आता भलतीच भीती वाटायला लागली होती. आपण भावाला दुसऱ्यांदा आशा लावली, आणि ती खोटी निघाली तर?

सहाला बारा मिनिटं कमी असताना दुकानाचा फोन वाजला. ओरिन फोनकडे बघत राहिला. चौथ्या घंटीला व्हर्जिलनं तो उचलून भावाच्या कानाला लावला आणि आपलंही डोकं तिथंच लावलं.

"ओरिनकाका?"

"बोल."

"काका, विमानतळावर आहे. आत्ता कुठं बोलायची परवानगी मिळाली, कागद होईपर्यंत तोंड उघडू नको म्हणाले. जोलीन म्हणते, आधी काकांना लाव, मग आईला." पलीकडे घोषणा चालू होती, टोबी मोठ्यानं बोलत होता. "अ‍ॅडमिरल्सनी घेतलंय मला. त्यांचे दोन्ही कॅचर जायबंदी आहेत. उद्या दुपारी मीच खेळणार. मोठ्या मैदानावर, काका."

ओरिन भिंतीवरच्या टोबीच्या चकतीकडे बघत राहिला.

"काका? निळ्यांकडे चाललोय म्हणून रागावलात?"

अ‍ॅडमिरल्स म्हणजे पायलट्सचे साता जन्मांचे वैरी. त्यांचं नावसुद्धा या दुकानात कुणी घेत नव्हतं. एकदा एक वाटसरू निळी टोपी घालून आला होता, तर ओरिननं त्याला टोपी बाहेर ठेवून आत घेतलं होतं.

"काल झोपलास का?" ओरिननं विचारलं.

"नाही."

"विमानात झोप."

"हो काका."

"आणि तिथं केस कापू नकोस. कुणीही वाटेल तसे कापतं. इथं आलास की मी कापीन."

फोन ठेवला. ओरिन भिंतीकडे वळला आणि थोडा वेळ तिकडेच तोंड करून उभा राहिला. व्हर्जिलनं अर्लकडे डोळे वटारून बघितलं, काही बोलशील तर खबरदार. अर्लच्या वाळलेल्या फेसावरून एक ओला ओघळ उतरला होता.

मग ओरिननं टोबीची चकती चौथ्या ओळीतून काढली. लाल ओळीत ती बसणार नव्हती, लाल ओळ पायलट्सची. डब्यात ती जाणार नव्हती. ओरिन चकती हातात घेऊन घोटाळला.

"दादा, हातोडी आहे ट्रकमध्ये?"

व्हर्जिल हातोडी आणि तीन इंची खिळा घेऊन आला. ओरिननं फळीच्या बाहेर, उघड्या भिंतीवर, लाल ओळीच्या बरोबर उंचीला खिळा ठोकला. दोन घावात. चकती टांगली आणि मागे सरून बघितलं.

"वैऱ्याचा माणूस दुकानात टांगलास?" अर्ल म्हणाला.

"माणूस आपला आहे. रंग तेवढा त्यांचा." ओरिननं कपाटातून नवा फेस घेतला. "मान मागे कर."

त्यानं अर्लचा उरलेला गाल एका दमात साफ केला. अर्ल आरशात तोंड बघत उठला, टोपी घातली आणि दारात थांबून व्हर्जिलला म्हणाला, "तरी पण दुपारी तू चुकलास हं. पायलट्समध्ये गेला म्हणून वाजवलास ना? सगळं गाव सांगेल."

व्हर्जिल खिडकीपाशी आपल्या जागेवर जाऊन बसला होता. पाय लांब केले होते.

"चुकलो नाही," तो म्हणाला. "चार तास आधी पोचलो. विचार कुणालाही, मी कधी उशिरा पोचलोय का?"